पाणपोई आणि टँकर

मंडळी, पाणपोई कुणासाठी असते? उन्हातून आलेल्या वाटसरूसाठी. त्याने ओंजळभर प्यावे, तोंडावर दोन हबके मारावेत, हवी तर बाटलीही भरून घ्यावी. कुणाची हरकत नाही. पण एखाद्या बंगलेवाल्याने तिथे रोज टँकर लावला, आणि भरलेला टँकर संध्याकाळी ओतून देऊन सकाळी पुन्हा रिकामा आणला, तर? सॉफ्टवेअरच्या जगात नेमके हेच चालले आहे. करणारे लोक अडाणी नाहीत, चांगले शिकलेले आणि गलेलठ्ठ पगाराचे आहेत.

मराठी माध्यमातून बीए झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या मास्तराला ह्यातले काय कळते, असे कुणी म्हणेल. आमची सूनबाई जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिते. तिला प्रश्न विचारून विचारून जे समजून घेतले, ते आधी सांगतो.

हल्ली कुणीच सगळा प्रोग्रॅम स्वतः लिहीत नाही. तारखा वाचणे, नोंदी ठेवणे, फाइली उघडणे असली कामे करणारे तयार भाग जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेले असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. आपला प्रोग्रॅम त्यांच्यावर अवलंबून, म्हणून त्या आपल्या 'डिपेंडन्सी'. मेव्हन नावाचे एक अवजार आहे. एका फाइलीत यादी लिहायची: अमुक लायब्ररी, अमुक आवृत्ती. मेव्हन ती यादी वाचते आणि 'मेव्हन सेंट्रल' ह्या सार्वजनिक कोठारातून एकेक वस्तू आणते. त्या लायब्ररीला आणखी काही लागत असेल तर तेही आणते. मग प्रोग्रॅमची बांधणी होते, तिला 'बिल्ड' म्हणतात. ग्रेडल हे दुसरे अवजार, तेही बहुधा ह्याच कोठारात जाते. कोठार सांभाळते सोनाटाइप नावाची कंपनी. घेणाऱ्याला एक पैसाही पडत नाही.

एकदा आणलेली वस्तू मेव्हन संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये जपून ठेवते, म्हणजे पुन्हा खेप नको. इथवर सगळे शहाणपणाचे. पण मोठ्या कंपन्यांत बिल्डचे काम वेगळी यंत्रे करतात. कुणी एक ओळ बदलली की कोरे करकरीत यंत्र उभे राहते, सगळ्या लायब्रऱ्या नव्याने आणते, बांधणी करते आणि पुसले जाते. दहा मिनिटांनी दुसऱ्याने ओळ बदलली की पुन्हा तेच. हाच तो ओतून दिलेला टँकर.

२०२४ साली सोनाटाइपने हिशेब जाहीर केला. आदल्या वर्षात कोठारातून एक लाख कोटींहून जास्त वेळा माल उचलला गेला होता. आणि एकूण वहनापैकी ८३ टक्के फक्त १ टक्का आयपी पत्त्यांकडे जात होते. त्यांतले बरेच पत्ते जगातल्या बड्या कंपन्यांचे! म्हणजे वाटसरूंमुळे पाणपोई आटत नाही, बंगलेवाल्यांमुळे आटते. शेवटी अति उपसा करणाऱ्यांना 'फार वेळा मागितलेत' असे सांगून थोपवणे सुरू झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर पायथॉन, रस्ट वगैरे भाषांची अशीच कोठारे सांभाळणाऱ्या संस्थाही ह्यात सामील झाल्या. सगळ्यांनी मिळून जाहीर पत्र काढले, की हे वापरायला फुकट असले तरी चालवायला फुकट नाही.

माझा भाचा म्हणतो, "मामा, त्यांनी फुकट ठेवलंय ना? मग मोजायचं कशाला?" ह्या वाक्याचा मला राग येतो. फुकट म्हणजे कुणीतरी दुसरा पैसे भरतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बरे, उपाय काही अवघड आहे का? शाळेत पोषण आहाराचा तांदूळ महिन्याचा एकदम यायचा. पोती मोजून कोठीत लावायची, नोंदवहीत लिहायचे आणि रोज त्यातून काढायचे. मुलागणिक मूठभर तांदळासाठी कुणी तालुक्याच्या गोदामाकडे धावत नसे. कंपनीने तशीच स्वतःची कोठी ठेवावी. नेक्सस, आर्टिफॅक्टरी ही त्यासाठीचीच सॉफ्टवेअर आहेत. कंपनीतली सगळी यंत्रे आपल्या कोठीकडे मागतात. कोठीत नसेल तरच ती बाहेर जाते, एकदा आणते आणि ठेवून घेते.

ह्यात परोपकार कमी आणि स्वार्थच जास्त आहे. जेसेंटर हे असेच एक मोठे कोठार होते, अँड्रॉइडचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या रोजच्या वापरातले. फेब्रुवारी २०२१ मध्ये जेफ्रॉग कंपनीने ते बंद करणार असे जाहीर केले आणि असंख्य प्रकल्पांची धावपळ उडाली. पुढे मुदत वाढली ही त्या कंपनीची मेहरबानी. मार्च २०१६ मध्ये तर जावास्क्रिप्टच्या एनपीएम कोठारातून एका लेखकाने रागाने आपली लायब्ररी काढून घेतली. लेफ्टपॅड तिचे नाव, जेमतेम ११ ओळींची. तेवढ्याने जगभर बांधण्या अडल्या! ज्यांच्या कोठीत प्रत होती, ते निवांत होते.

आणि नोंदवहीचे काय? डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे ह्या लायब्ररीत भयंकर छिद्र सापडले, धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १०. तेव्हा पहिला प्रश्न हाच होता, की आपण ती कुठे कुठे वापरतो? कोठीतून गेलेल्या मालाची नोंद असते, तिथून शोध सुरू करता येतो. पाणपोईवरून थेट उचललेल्या मालाची नोंद कोण ठेवणार? शाळेतल्या मोडक्या बाकाचीसुद्धा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद लागते हो!

भाच्याचे दुसरे म्हणणे, कोठीला सर्व्हर लागतो, माणूस लागतो. लागतो ना! शेकडो माणसे कामाला ठेवणाऱ्या कंपनीला तेवढे झेपत नाही? एकटा विद्यार्थी, चार जणांचा छोटा उद्योग, हौसेने लिहिणारा, ह्यांना मी काहीच म्हणत नाही. पाणपोई त्यांच्यासाठीच आहे. तिला टाळे लागले तर पहिली तहान त्यांनाच लागेल. म्हणून बड्यांनी कोठी तर ठेवावीच, शिवाय सार्वजनिक कोठाराच्या खर्चात वाटाही उचलावा. दान म्हणून नव्हे, पाणीपट्टी म्हणून.

असो. आपल्या घराण्यात आणि ह्या ब्लॉगच्या मित्रमंडळींत संगणकवाले पुष्कळ आहेत. त्यांना एवढाच गृहपाठ: सोमवारी ऑफिसात गेलात की विचारा, आपली बिल्ड माल कुठून आणते आणि दिवसातून किती वेळा? उत्तर इथे लिहा. "माहीत नाही" असे उत्तर आले, तर तेही लिहा.