हत्या कोणाची म्हणता?

‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द आपल्या पोस्टरवर, पथनाट्यात, मोर्च्याच्या फलकांवर इतका रुळलाय की तो आला कुठून हे विचारायचंच राहून गेलं. १९८०च्या दशकात मुंबईत गर्भजल परीक्षेविरुद्ध मोहीम उभी राहिली ती लिंगनिदानावर बंदी मागत. महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, केंद्राने १९९४ साली. दोन्हींच्या नावात तपासणीचं तंत्र आहे, हत्या नाही.

‘भ्रूणहत्या’ मात्र थेट धर्मशास्त्रातली, महापातकांच्या पंगतीतली. (तिथे ‘भ्रूण’ म्हणजे विद्वान ब्राह्मण असाही अर्थ लावलेला आहे!) त्यामागे ‘स्त्री’ जोडून नवा शब्द घडवला, पण पाप जसंच्या तसं आत राहिलं.

मैत्रिणींनो, हत्या म्हटली की खुनी शोधावा लागतो. सोनोग्राफीवाला डॉक्टर, नवरा, सासू-सासरे दिसेनासे होतात, दिसते ती टेबलावरची बाई. कायदा तरी शहाणा. १९९४च्या कायद्याच्या कलम २४नुसार, उलट सिद्ध होईपर्यंत, नवऱ्याने वा नातेवाइकांनी तिच्यावर सक्ती केली असंच गृहीत धरायचं असतं. आपलं घोषवाक्य कायद्याच्याही मागे!

आणि मुलीचा गर्भ पाडणं खून, तर मुलाचा पाडणं काय? या प्रश्नाला उत्तर एकच निघतं: गर्भपात मुळातच खून. म्हणजे १९७१च्या कायद्याने, डॉक्टरच्या मताच्या अटीवर का होईना, जे हाती आलं त्यावर आपणच पाणी सोडायचं.

हा निव्वळ शब्दांचा काथ्याकूट नाही. गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत देतात. तेव्हा सोनोग्राफीत लिंग दिसतच नाही. तरी २०१२च्या सुमारास महाराष्ट्रात ‘स्त्रीभ्रूणहत्या रोखा’ म्हणत या गोळ्यांच्या विक्रीवरच करडी नजर ठेवली गेली आणि कितीतरी औषध दुकानदारांनी ती कटकट नको म्हणून गोळ्या ठेवणंच बंद केलं. दोन लेकरं पदरात असताना तिसऱ्यांदा दिवस गेलेली, नवऱ्याला निरोध वापर म्हणू न शकणारी बाई मग जाणार कुठे?

‘गर्भलिंगनिवड’ म्हणा. शब्द कोरडा आहे, ऐकून कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही, असा आक्षेप कार्यकर्त्याच घेतात. रडू आणणारी पोस्टर्स आपण पुष्कळ काढली. त्यांतल्या चिमुकल्या कळीच्या तोंडी ‘आई, मला मारू नकोस’ असतं. ‘बाबा’ किंवा ‘डॉक्टरकाका’ कधी वाचलंय?