गाडी नको, कागद आणा

दिवाळीच्या पाडव्याला भाच्याचा फोन आला. तो बरीच वर्षं जपानात आहे, टोकियोच्या एडोगावा भागात. तिथल्या निशिकासाईत म्हणे भारतीय माणसं इतकी आहेत की कोथिंबीर-कढीपत्त्याचीही अडचण पडत नाही. भाचा म्हणाला, "मावशी, आम्ही आता कायमचं पुण्याला यायचं ठरवलंय. माझी छोटी गाडी तुम्हाला पाठवून देऊ का? इथं विकून फारसं काही हाती येत नाही."

फोन स्पीकरवर होता. आमचे हे फराळाची ताटली बाजूला ठेवून ताडकन उठले. "जपानची गाडी! आणि ती धर्मापुरीत!"

भाच्यानं फोटो पाठवला. पिवळी नंबरप्लेट, डब्यासारखी उभट, गोजिरवाणी गाडी. जपानात या जातीच्या गाड्यांना के-कार म्हणतात. लांबी जास्तीत जास्त ३.४ मीटर, इंजिन ६६० सीसीपर्यंत. आपण ओळखतो ती वॅगन आर १९९३ साली जपानात निघाली तेव्हा याच जातीची होती. आमच्या बोळात मोठी गाडी वळत नाही, ही मात्र आरामात वळली असती. स्टिअरिंग उजवीकडे, कारण जपानी लोकही आपल्यासारखे डाव्या बाजूनंच चालवतात. संध्याकाळी हे केदारेश्वराच्या दर्शनाला गेले आणि परत येईपर्यंत निम्म्या गावाला बातमी कळली होती.

मी मास्तरीण. आधी नियम वाचायचे आणि मग नाचायचं, ही माझी जुनी सवय. दुसऱ्या दिवशी नातवाला शेजारी बसवलं आणि आपल्या सरकारचं आयात धोरण उघडलं.

मंडळी, ते वाचून गंमतही वाटली आणि डोकंही धरलं. बाहेरून जुनी मोटार आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी. भाच्याची आठ वर्षांची. म्हणजे तिथंच विषय संपला. पण पुढंही वाचलं. स्टिअरिंग उजवीकडे हवं, वेगाचा काटा किलोमीटरमध्ये हवा. गाडी आणखी पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी आहे आणि तेवढी वर्षं तिची देखभाल इथं होईल, याची हमी हवी. निघण्यापूर्वी तिकडच्या तपासणीचा दाखला हवा. उतरवायची फक्त मुंबई बंदरात. उतरल्यावर पुन्हा चाचणी: पुण्याच्या एआरएआयमध्ये, नाहीतर मध्य प्रदेशात बुदनीला, नाहीतर नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, लष्करी वाहन संशोधन संस्थेत. बीड जिल्ह्याच्या शेजारीच! ह्यांना तेवढाच दिलासा. म्हणाले, "नगर काय, जाऊन येऊन एका दिवसाचं काम."

भाचाही हार मानणारा नव्हता. "माझी नको, लिलावातून दोन वर्षांची दुसरी घेऊ. तिथं बाहेरच्या माणसाला बोली लावता येत नाही, पण निर्यात करणारे व्यापारी आपल्यासाठी लावतात."

मग मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. समजा गाडी, जहाजाचं भाडं आणि विमा मिळून सहा लाख झाले. जुन्या मोटारीवरचं सीमाशुल्क वर्षानुवर्षं सव्वाशे टक्के होतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ दर सत्तरवर आणला खरा, पण एक उपकर जोडून बेरीज सव्वाशेच्या वरच ठेवली. त्या उपकराचं नाव काय असावं? कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर! टोकियोतल्या मोटारीवर शेतीचा उपकर. आमच्याकडच्या कापसा-सोयाबीनवाल्यांनी ऐकलं तर हसावं की रडावं कळणार नाही. असो. नुसते सव्वाशे टक्के धरले तरी साडेसात लाख. झाले साडेतेरा. त्यावर जीएसटी, मग चाचण्या, मग नोंदणी. एवढ्या पैशांत इथं कोरी करकरीत गाडी दारात येते, तीही परळीच्या मेकॅनिकला जिचा प्रत्येक स्क्रू पाठ आहे अशी.

हे म्हणाले, "सचिनला नाही का माफ केला होता कर?" फेरारीची गोष्ट जुन्या लोकांना आठवत असेल. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ साली सचिनला ती भेट मिळाली. कर एक कोटीच्या वर होता. सरकारनं तो माफ केला, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी कर फियाट कंपनीनं भरला. मी म्हटलं, "आधी २९ शतकं काढा, मग बघू."

आणखी एका शहाण्यानं ह्यांना आडवाट सुचवली: गाडी शेजारच्या देशातून आणायची. त्या वाटेचं काय होतं ते २०२५ च्या सप्टेंबरात केरळात दिसलं. भूतानमार्गे चोरून आणलेल्या जुन्या भारी गाड्या सीमाशुल्क खात्यानं शोधून जप्त केल्या. मोहिमेचं नाव होतं नुमखोर. कागद खोटा असला की गाडी कितीही खरी असो, ती आपली नसते.

आता माझं मत. पहिले दोन दिवस मला या नियमाचा राग आला होता. वाटलं, हा काय अडाणीपणा? तिकडं चांगली चालणारी गाडी कवडीमोलानं जाते आणि इकडं आमच्यासारखी माणसं तिच्यासाठी झुरतात. जपानात नव्या मोटारीची पहिली सक्तीची तपासणी तिसऱ्या वर्षी येते, पुढं दर दोन वर्षांनी. तिला शाकेन म्हणतात आणि ती बरीच खर्चिक असते. त्यामुळं तपासणी जवळ आली की पुष्कळ लोक गाडी काढून टाकतात. म्हणजे जपानी माणूस गाडी विकायला काढतो, नेमकं तेव्हाच आपलं दार बंद होतं.

पण शांत डोक्यानं विचार केल्यावर मला तो नियम पटला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानं २०२० साली एक अहवाल काढला होता. २०१५ ते २०१८ या काळात युरोप, अमेरिका आणि जपानमधून सुमारे १ कोटी ४० लाख जुन्या मोटारी बाहेर पाठवल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या, निम्म्याहून जास्त आफ्रिकेत. त्यातल्या कितीतरी धूर ओकणाऱ्या आणि धोकादायक. श्रीमंताचा उकिरडा गरिबाच्या अंगणात. आपल्या दारात सरकारनं उंबरा उंच ठेवला, ते बरंच केलं. (एक गंमत: २०२५ पासून पन्नास वर्षांहून जुनी मोटारही हौशी लोकांना आणता येते. म्हणजे तीन वर्षांच्या आतली चालते आणि पन्नाशी उलटलेलीही चालते. ह्यांनी लगेच माझ्याकडे बघून कॉलर ताठ केली.)

मग मी हे सगळं का लिहितेय? तर त्या दोन दिवसांत भाच्यानं पाठवलेल्या एका कागदासाठी.

जपानातल्या लिलावात प्रत्येक गाडीबरोबर एक तपासणीपत्रक असतं. ते गाडीचा मालक लिहीत नाही, लिलावगृहाचा तपासनीस लिहितो. वर गुण दिलेले असतात: ५, ४.५, ४, ३.५ असे उतरत. अपघातात मार लागून दुरुस्त झालेली असेल तर आकड्याऐवजी आर. खाली गाडीचं चित्र, जणू चारी बाजूंनी उलगडून ठेवलेली. त्या चित्रावर जिथं ओरखडा तिथं ए, पोचा तिथं यू, गंज तिथं एस. पुढं १, २, ३ असा लहान-मोठेपणाचा आकडा. दार बदललेलं असेल तर तेही. गाडी किती धावली ते तर असतंच, शिवाय तो आकडा शाकेनच्या सरकारी कागदावरही नोंदवलेला असतो, त्यामुळं मीटर मागं फिरवणाऱ्याची पंचाईत होते. जपान्यांमध्ये लबाड नसतात असं नाही. लबाडी पकडायची सोय मात्र त्यांनी करून ठेवली आहे.

तो कागद बघताना मी गप्प झाले. हेही गप्प झाले. आम्हा दोघांना एकच रात्र आठवली होती.

माझ्या निवृत्तीनंतर, २०१२ साली, आम्ही एक जुनी गाडी घेतली होती. पैसे माझ्या फंडाचे. विकणारा एजंट गोड बोलणारा. "बाई, डॉक्टरची गाडी आहे, एकाच हाताची. अडतीस हजार चाललीय फक्त." शाळेत मी पोरांची खोटी कारणं चेहऱ्यावरून ओळखायची. या माणसाचं एक वाक्यही मला खोटं वाटलं नाही.

वर्षभरानं, आषाढातल्या एका रात्री ह्यांच्या छातीत कळा सुरू झाल्या. अंगाला दरदरून घाम. मुलगा गाडी चालवत होता, मी मागं ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. अंबाजोगाईच्या वाटेवर इंजिननं वाफ सोडली आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. वर पाऊस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अर्ध्या तासानं दुधाचा एक टेम्पो आला. त्या पोरानं कॅन खाली उतरवून ह्यांना आडवं झोपायला जागा केली. दूध तसंच रस्त्याच्या कडेला ठेवून तो आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं."

नंतर मेकॅनिकनं गाडी उघडली. दाराच्या चौकटीवर ऑइल बदलल्याचं अर्धवट पुसलेलं स्टिकर होतं. तारीख आम्ही गाडी घेतली त्याच्या आधीची, आणि आकडा छप्पन्न हजारांनी जास्त. मीटर कुणीतरी मागं फिरवलं होतं. एजंटला विचारलं तर म्हणाला, "मला जशी आली तशी मी दिली." कुठं दाद मागणार? गाडी नावावर करायचे अर्ज २९ आणि ३० आम्हीच भरले होते. त्यात विकणारा, घेणारा, विमा, सगळ्याची चौकशी आहे. गाडी किती धावली हे मात्र कुणी विचारत नाही.

२०२१ मध्ये ती गाडी विकायची वेळ आली, तेव्हा आमच्या घरात भांडण झालं. मी वहीचं एक पान घेतलं आणि लिहिलं: मीटर खरं नाही, त्यात छप्पन्न हजार मिळवावेत. हेड गॅस्केट एकदा बदललेलं. डावं मागचं दार पावसात गळतं. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये आवाज येतो. हे चिडले. "आपल्याला कुणी सांगितलं होतं? जगात तू एकटीच हरिश्चंद्र?" पहिलं गिऱ्हाईक पान वाचून चहा पिऊन गेलं ते परत आलं नाही. दुसरा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा होता. त्यानं पान दोनदा वाचलं आणि त्याच पानावर बोट ठेवून चाळीस हजार कमी केले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चाळीस हजार म्हणजे निवृत्त माणसाला थोडे नव्हेत, मलाही ते लागले. पण ती गाडी कुठल्या रात्री कुणाला घेऊन निघेल हे मला माहीत नव्हतं.

म्हणून सांगते, जपानकडून आपण गाडी आणू नये, तो कागद आणावा. त्याला ना जहाज लागतं, ना सव्वाशे टक्के. सुरुवात झालेली आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी आरटीओकडे नोंदणी करावी असा नियम केंद्रानं २०२२ च्या डिसेंबरात काढला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. व्यापारी कोण ते त्यानं कळेल. गाडी कशी आहे ते कसं कळणार? माझ्या दोनच मागण्या आहेत. मालकी बदलताना गाडीचे किलोमीटर सरकारी नोंदीत लिहावेत, आणि व्यापाऱ्यानं सही केलेलं तपासणीपत्रक दिल्याशिवाय गाडी विकता येऊ नये. फार मोठं मागणं नाही हे. शाळेत पहिलीच्या पोरालाही प्रगतिपुस्तक मिळतं.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या नातेवाइकांत जे कुणी गाडी, मोटारसायकल, ट्रॅक्टर विकणार असतील, त्यांनी एक पान लिहावं. थोडे पैसे कमी येतील. आमच्या ह्यांनाही ते अजून पूर्ण पटलेलं नाही. परवा मात्र भाच्याला फोनवर म्हणत होते, "तुझी गाडी विकताना सगळं लिहून दे बरं. मावशीला विचार, काय काय लिहायचं ते."