फळी, बिजागरी आणि ध्रुवतारा

दोस्तांनो, आकाशाचे फोटो काढायचे तर काय काय लागतं? मोठी दुर्बीण, तिच्याखाली मोटर, भला महागडा कॅमेरा... ही यादी सुरू झाली की घरातली मोठी माणसं हळूच वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरतात. बरोबर ना? मग तो विषय दहावीनंतर, बारावीनंतर, नोकरी लागल्यावर, असा पुढे पुढे जात राहतो.

म्हणून आजचं पान आई-बाबांनीही वाचावं. त्या यादीतली एकही वस्तू विकत न घेता सुरुवात करता येते. लागतो तो घरातला मोबाइल, सुताराकडे उरलेले फळीचे दोन तुकडे, एक बिजागरी, एक बोल्ट आणि सातवी-आठवीतलं गणित. आणि गंमत म्हणजे यातली खरी युक्ती नवी नाहीच. जुन्या विमानांमधली माणसं रात्री समुद्रावरून वाट काढताना तीच वापरायची. जुनी विमानं हे माझं दुसरं वेड. तेव्हा आज दोन्ही वेडं एकाच पानावर!

आधी मोबाइल. बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ नावाचा भाग असतो. त्यात शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते आपण ठरवू शकतो. पंधरा सेकंद ठेवा. आयएसओ १६००. फोकस अगदी लांबवर, म्हणजे डोंगराच्या चिन्हावर. मोबाइल हातात धरायचा नाही! तिपाई नसेल तर तांदळाच्या पिशवीत रोवून आकाशाकडे तोंड करून ठेवा. बटण दाबताना बोटाचा धक्का बसतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा. बस्स. आता अमावस्येच्या आसपास, गल्लीतला दिवा थेट डोळ्यांत येणार नाही अशा गच्चीवरून एक फोटो काढा.

कसा आला? तारे दिसतात, पण सगळ्या फोटोवर रव्यासारखे दाणे पसरलेत. आकाश काळं नाही, मळकट आहे. इथेच बहुतेकजण म्हणतात, “छे, आपल्या कॅमेऱ्याचं काम नव्हे हे.” थांबा. कॅमेरा बदलायचा नाही, फोटोंची संख्या बदलायची. त्याच जागेवरून, तसेच साठ फोटो काढा.

साठ वाईट फोटो कशाला? सांगतो. ताऱ्याचा उजेड प्रत्येक फोटोत असतो. ते दाणे मात्र दर फोटोत वेगळ्या ठिकाणी पडतात, आज इथे तर उद्या तिथे. सगळ्या फोटोंची सरासरी काढली की तारा टिकतो आणि दाणे एकमेकांना पुसून टाकतात. १६ फोटोंच्या सरासरीत दाणेदारपणा चौथ्या हिश्शावर येतो, ६४ फोटोंच्या सरासरीत आठव्या हिश्शावर. वर्गमूळ घेऊन बघा, नियम तुमचा तुम्हालाच सापडेल. ही बेरीज हाताने करायची नाही, घाबरू नका! ‘डीपस्कायस्टॅकर’ आणि ‘सिरिल’ हे दोन प्रोग्रॅम संगणकावर फुकट मिळतात. ते ताऱ्यांच्या खुणा ओळखून फोटो एकावर एक नीट बसवतात आणि सरासरी काढतात. मध्येच एखादं विमान दिवे मिचकावत गेलं आणि फोटोत ठिपक्यांची रेघ उमटली, तर तीही गाळून टाकता येते. (मी अशा रेघा गाळत नाही. विमान आहे ते, गाळायचं कशाला?)

सरासरी तुम्हाला नवी नाही. विज्ञानाच्या प्रयोगवहीत तिचा रकाना असतोच. तीन वाचनं घ्या आणि सरासरी काढा. बरेचजण एकदाच मोजतात आणि तीनही ठिकाणी तोच आकडा लिहून मोकळे होतात, ते सोडा. पण या रकान्यावर एकेकाळी माणसांचे जीव अवलंबून होते.

कसे ते बघू. डाकोटा विमानाचं नाव ऐकलंय? दोन पंख्यांचं, शेपटी टेकवून बसणारं. पहिलं उडालं १७ डिसेंबर १९३५ ला. आपलं सैन्य २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला उतरलं ते डाकोटांतूनच. या विमानाच्या लष्करी जातीत वैमानिकांच्या खोलीमागे, छतावर काचेसारखा पारदर्शक अर्धा चेंडू बसवलेला असे. पुष्कळांना वाटतं, तो बंदूकवाल्यासाठी. नाही! तो तारे बघण्यासाठी. विमानाची जागा शोधून काढणारा एक खास माणूस असायचा, नॅव्हिगेटर. तो त्या घुमटाखाली उभा राहून सेक्स्टंट नावाच्या यंत्राने ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजायचा. तेव्हा जागा सांगणारे उपग्रह नव्हते.

आणि कोणते तारे? विमानं-जहाजांसाठी निवडलेल्या ५७ ताऱ्यांच्या यादीत रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, श्रवण, अभिजित, व्याध आणि अगस्त्य आहेत. तुमच्या आजीला ही नावं पंचांगामुळे पाठ असतील. नॅव्हिगेटरला ती पोटासाठी पाठ करावी लागत, इतकाच फरक.

आता अडचण बघा. जहाजावरून क्षितिज दिसतं. रात्री ढगांच्या वरून उडणाऱ्या विमानातून ते कुठून दिसणार? म्हणून विमानाच्या सेक्स्टंटमध्ये गवंड्याच्या लेव्हलच्या नळीत असतो तसा हवेचा बुडबुडा ठेवला. बुडबुडा सांगेल ती सपाटी. पण विमान हिंदकळलं की बुडबुडाही हिंदकळणार. एक वाचन चुकलं तर? उंचीत एका अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली की जमिनीवर एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटरचा फरक पडतो. पूर्ण एक अंश चुकलात तर शंभर किलोमीटरहून जास्त! यावर दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बुडबुडा-सेक्स्टंटमध्ये एक उपाय होता. आत चावीचं घड्याळ. ते दोन मिनिटांत साठ वाचनं घ्यायचं आणि त्यांची सरासरी नॅव्हिगेटरच्या हातात द्यायचं. धक्के कधी वर, कधी खाली. साठ वाचनांत ते एकमेकांना खाऊन टाकायचे. आपले साठ फोटो आठवले ना?

पण सेक्स्टंटची गोष्ट निघाली की मला आठवतात ते फ्रान्सिस चिचेस्टर. १९३१ साली न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला एकटे निघाले, ‘जिप्सी मॉथ’ विमानातून. हे विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर कापड, पुढे एक पंखा आणि उघड्यावर बसायची जागा. पंख घडी करून मागे वळवता यायचे! चिचेस्टरांनी त्याला चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे पाट बसवले होते. अख्खा समुद्र एका दमात ओलांडण्याइतकं पेट्रोल मावत नव्हतं. म्हणून वाटेत नॉरफोक बेटावर उतरायचं होतं. सातशेहून अधिक किलोमीटर नुसतं पाणी, आणि त्यात जेमतेम आठ किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद बेट. चुकलं तर पुन्हा शोधायला पेट्रोल नाही. विमानही आपणच चालवायचं, सेक्स्टंटने सूर्याची उंचीही आपणच मोजायची आणि गणितंही आपणच सोडवायची.

त्यांनी काय केलं माहीत आहे? ते मुद्दाम चुकीच्या दिशेने निघाले! ऐका कारण. सूर्याची उंची एकदा मोजली तर तुमचा नेमका ठिपका कळत नाही. तुम्ही नकाशावरच्या एका रेषेवर कुठेतरी आहात, एवढंच कळतं. समजा, ती रेषा बेटातून जाते. तुम्ही सरळ बेटाच्या रोखाने गेलात, रेषेवर पोचलात आणि बेट दिसलं नाही. आता वळणार कुठे, डावीकडे की उजवीकडे? वारा कुठे ढकलून गेला, कुणास ठाऊक. पण आधीपासूनच बेटाच्या एका बाजूला दूर जायचं ठरवलं असेल, तर रेषेवर पोचल्यावर शंकाच उरत नाही. बेट दुसऱ्याच बाजूला असणार. वळा आणि रेषा धरून चालू लागा. बेट सापडलं! पुढच्या लॉर्ड हाऊ बेटावर रात्रीच्या वादळात विमान उलटलं. गडी खचला नाही. बेटावरच्या लोकांच्या मदतीने काही आठवडे खपून त्याने ते पुन्हा उभं केलं आणि ऑस्ट्रेलिया गाठलं. पुढे १९६६-६७ मध्ये चिचेस्टर शिडाच्या होडीतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्या होडीचं नाव होतं ‘जिप्सी मॉथ ४’. जुन्या विमानाचं वेड असं असतं.

हेच जिप्सी मॉथ विमान आपल्याकडेही गाजलं. १९३० मध्ये आगाखान पारितोषिकासाठी जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले आणि अस्पी इंजिनीयर उलट दिशेने, इंग्लंडहून भारताकडे. दोघांची गाठ इजिप्तमध्ये पडली. अस्पींचं विमान स्पार्क प्लगवाचून अडलं होतं. टाटांनी स्पर्धकाला आपल्याकडचा जादा प्लग दिला. स्पर्धा कोणी जिंकली? अस्पींनी! पुढे ते भारताचे वायुदलप्रमुख झाले. आणि टाटांनी १५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८व्या वर्षी, आपल्या १९३२च्या पहिल्या टपाल-उड्डाणाची आठवण म्हणून कराची ते मुंबई पुन्हा उडून दाखवलं, तेही ‘लेपर्ड मॉथ’ या तशाच जुन्या विमानातून.

चला, जमिनीवर येऊ. नॅव्हिगेटरला आणखी एक गोष्ट छळायची, ती म्हणजे घड्याळ. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, चार मिनिटांत एक अंश. घड्याळ चार सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर जागा एका सागरी मैलाने चुकते. आपल्यालाही हीच पृथ्वी छळते. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की ताऱ्याचा ठिपका न राहता रेघ होते. किती वेळ चालेल याचा ढोबळ हिशेब असा: ५०० भागिले लेन्सचं नाभीय अंतर. मोबाइलची मुख्य लेन्स २५ मिलिमीटरच्या लेन्ससारखी धरली तर वीस सेकंद, म्हणून आपले पंधरा. पण कोणाकडून जुना कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स मिळाली तर दहाच सेकंद. फिकट तेजोमेघांसाठी ते फार कमी. मग? पृथ्वी जितकी फिरते तितकाच कॅमेरा उलटा फिरवायचा. महागड्या दुर्बिणीखाली मोटर असते ती एवढ्याचसाठी.

स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी १९७५ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकातून याचा एक स्वस्त उपाय सांगितला. दोन फळ्या एका टोकाला बिजागरीने जोडायच्या, पुस्तकासारख्या. खालच्या फळीला भोक पाडून त्यात नट पक्का चिकटवायचा. त्यातून वर येणारा बोल्ट वरच्या फळीला ढकलतो. कॅमेरा वरच्या फळीवर. बोल्ट फिरवला की ‘पुस्तक’ हळूहळू उघडतं.

पण भोक कुठे पाडायचं? इथे गणित. हार्डवेअरच्या दुकानात एम-६ बोल्ट मागा. त्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर. पृथ्वीचा ताऱ्यांच्या हिशेबाने एक फेरा २३ तास ५६ मिनिटांचा, म्हणजे १४३६ मिनिटांचा. आता असं वर्तुळ शोधा, ज्याचा परीघ १४३६ मिलिमीटर आहे. दोन पाय त्रिज्या! त्रिज्या येते २२८.६ मिलिमीटर. बिजागरीच्या मध्यापासून तेवढ्या अंतरावर भोक. मग मिनिटाला एक फेरा, किंवा दर पंधरा सेकंदांनी पाव फेरा. बोल्टच्या डोक्याला पुठ्ठ्याची चकती लावून चार खुणा करा, म्हणजे चुकणार नाही. बोल्ट सरळ आणि फळीची वाट गोल, म्हणून फार वेळाने थोडी गडबड होते. पण पाच-दहा मिनिटं हे यंत्र झकास चालतं.

बिजागरीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे हवा. शीतपेयाची नळी बिजागरीला समांतर चिकटवा आणि तिच्यातून ध्रुवतारा दिसेपर्यंत फळी कलती करा. उत्तरेकडे तोंड केल्यावर बिजागरी डाव्या हाताला यायला हवी, नाहीतर कॅमेरा आकाशाच्या उलट पळेल. सुरुवात मृग नक्षत्रापासून करा. व्याधाच्या बाणाचे तीन तेजस्वी तारे सापडले की जवळच दक्षिणेला तीन फिकट ताऱ्यांची छोटी ओळ दिसेल. त्यातला मधला ‘तारा’ फोटोत गुलाबी धुरासारखा उमटतो. तो सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूरचा तेजोमेघ आहे आणि तिथे नवे तारे जन्मताहेत.

पालकांसाठी दोन शब्द. खोक्यावर ‘४५० पट’ छापलेली खेळण्यातली दुर्बीण वाढदिवसाला आणू नका. साठ मिलिमीटरच्या भिंगाला १२० पटीच्या वर नेलं की नुसता धूसर डाग मोठा दिसतो. त्याऐवजी एक रात्र द्या. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचं खगोल मंडळ १९८५ पासून हौशी लोकांना आकाश दाखवत आले आहेत. आणि गोव्याला गेलात तर बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयात एअर इंडियाचं जुनं सुपर कॉन्स्टेलेशन बघा. चार पंखे, तीन शेपट्या! मुलांनो, सूर्यावर मात्र यातला एकही प्रयोग करायचा नाही. चिचेस्टरांच्या सेक्स्टंटला गडद काचा होत्या, आपल्या डोळ्यांना नाहीत.

आता तुमचं काम. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे तुमच्या गावाचा अक्षांश: पणजीला साडेपंधरा अंश, पुण्याला साडेअठरा, नागपूरला एकवीस. हात ताठ केल्यावर मूठ साधारण दहा अंशांची होते. क्षितिजापासून मुठी मोजा, पण एकदाच नाही. घरातल्या प्रत्येकाला तीन-तीनदा मोजायला लावा, सरासरी काढा आणि नकाशाच्या पुस्तकाशी ताडून बघा. फोटो पाठवाल तेव्हा गाव, तारीख, वेळ आणि किती फोटो एकत्र केले ते नक्की लिहा. फळीवर काढला असेल तर फळीचाही एक फोटो हवा बरं का!