आवतण की चाळण?

गेल्या मे महिन्यात आमच्या टेबलावर एक लग्नपत्रिका येऊन पडली. पत्रिका कसली, मखमलीची पेटीच ती! आत चॉकलेटे, सुगंधी मेणबत्ती आणि इटलीतील कोमो सरोवराकाठच्या एका हवेलीचे चित्र. खाली 'मोजक्या जिवलगांच्या सान्निध्यात' होणाऱ्या विवाहाचे निमंत्रण. वधू वसईची, आमच्याच धर्मग्रामातील. दोन दिवसांनी तिची आजी तीच पेटी पदराआड धरून आमच्याकडे आली. म्हणाली, "फादर, ह्यात माझं नाव लिवलंय. पण मी जायाचं कसं?" तिच्यापाशी पासपोर्ट नाही, गुडघ्यांत बळ नाही. नातीला दोष द्यायला ती आली नव्हती. आपले नाव पत्रिकेत आहे आणि आपली जागा मांडवात नाही, ह्या कोड्याचे उत्तर तिला हवे होते. ते आम्हांला देता आले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

परदेशी जाऊन लग्न लावण्याची ही हौस आता नटनट्यांपुरती राहिलेली नाही. 2017 साली विराट कोहली व अनुष्का शर्मा टस्कनीत आणि 2018 साली रणवीर सिंह व दीपिका पदुकोण कोमोकाठी विवाहबद्ध झाले. ती छायाचित्रे घराघरांत पोहोचली आणि मध्यमवर्गाच्या मनात घर करून बसली. नोव्हेंबर 2023 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशाबाहेरील लग्नांविषयी खंत व्यक्त केली. देशाचा पैसा देशातच राहावा, हा त्यांचा मुद्दा होता. आमचा आक्षेप निराळा आहे. पैसा कोठे जातो ह्यापेक्षा माणूस कोठे राहतो, ह्याची आम्हांला चिंता आहे.

ह्या तरुणांची बाजू आम्ही ऐकली आहे आणि तीत तथ्य आहे. "फादर, आम्हांला हजार माणसांची गर्दी नको, कर्ज नको, दिखाऊपणा नको," असे ते सांगतात. बँडबाजा, मद्य आणि जेवणावळी ह्यांपायी कर्जबाजारी झालेली घरे आम्ही पाहिली आहेत. साध्या लग्नाचा आग्रह आम्हीच व्यासपीठावरून धरत आलो आहोत. परंतु साधेपणासाठी कोमो कशाला? आठवड्यातल्या एखाद्या सकाळी आपल्याच चर्चमध्ये मिस्सा, वीस माणसे आणि घरी जेवण, ह्याहून साधे काय असू शकते?

खरे कारण वेगळे आहे, आणि ते बोलायला संकोच वाटतो. चारशे नातलगांना 'तुम्ही येऊ नका' असे सांगण्याचे धैर्य नाही. म्हणून ते काम अंतरावर सोपवले जाते. पत्रिका सर्वांना जाते, चाळण विमानभाडे करते. नकार द्यायचा यजमानाने, पण तो वदवून घेतला जातो पाहुण्याच्या मुखातून! वर न येणाऱ्याने दिलगिरीही व्यक्त करायची. जे निमंत्रण स्वीकारले जाऊ नये अशी मनोमन इच्छा असते, त्याला आवतण कसे म्हणावे?

जे जातात त्यांची कथा तरी कोठे सुखाची? युरोपातील शेंगेन व्हिसासाठी बँकेचे उतारे, बोटांचे ठसे, किमान 30,000 युरोंचे विमासंरक्षण आणि जून 2024 पासून प्रौढांना माणशी 90 युरो शुल्क. व्हिसा नाकारला गेला तर तेही बुडाले. त्यावर विमान, तीन रात्रींचे हॉटेल, दर समारंभाला ठरवून दिलेल्या रंगाचा पोशाख. आमच्या परिचयाच्या एका मामाने भाचीच्या अशा लग्नासाठी पतपेढीचे कर्ज काढले. यजमानाने कर्ज टाळले, ते पाहुण्याच्या दारी गेले. लूकच्या शुभवर्तमानात, 14 व्या अध्यायात, प्रभू येशू यजमानाला बजावतो, की ज्यांना परतफेड करता येणार नाही त्यांनाच मेजवानीला बोलाव. येथे तर जेवण्यापूर्वीच पाहुण्याने भरपाई करायची!

आता धर्मसभेच्या शिस्तीविषयी. गुप्त विवाहांना 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने मनाई केली आणि विवाहाची आगाऊ जाहीर घोषणा सक्तीची केली. 1563 साली ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरू व साक्षीदार ह्यांच्या उपस्थितीचा दंडक घातला. कारण व्यावहारिक होते. चोरून लावलेली लग्ने पुढे नाकारली जात आणि निराधार स्त्रीला पुरावा उरत नसे. आजच्या कायद्यानुसार (कॅनन 1115 व 1118) विवाह स्वतःच्या धर्मग्रामात, चर्चमध्ये व्हावा अशी अपेक्षा आहे. परवानगीने तो अन्यत्रही होऊ शकतो. ज्यांचा संसारच कॅनडात वा आखातात आहे, त्यांनी तेथील धर्मग्रामात लग्न करावे हे उचितच. आम्ही बोलतो आहोत ते जेथे दोघांपैकी कोणीच राहत नाही अशा ठिकाणाविषयी. तेथील हिरवळीवर संयोजकाने वदवून घेतलेल्या शपथा म्हणजे दोन कॅथलिकांसाठी संस्कार नव्हे, हे पालकांनी वेळीच जाणावे.

साक्षीदाराचे काम सहीपाशी संपत नाही. आमच्या पूर्वीच्या नेमणुकीत एका जोडप्याचे तिसऱ्याच वर्षी बिनसले. पत्नी माहेरी गेली. पतीने दार लावून घेतले. आम्ही गेलो, दार उघडले नाही. मग लग्नात साक्षीदार म्हणून सही केलेला त्याचा काका आला आणि ओटीवर बसून राहिला. दुपार टळली, दिवेलागण झाली, तो हलला नाही. "तुझ्या लग्नाला मी उभा होतो," एवढेच तो अधूनमधून म्हणे. रात्री दार उघडले. आज त्या घरात दोन मुले आहेत. कोमोकाठचा संयोजक कोणाच्या ओटीवर येऊन बसणार आहे?

गालीलातील काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा ती उणीव प्रथम कोणाच्या ध्यानी आली? पवित्र मरीयेच्या. ती तेथे होती म्हणून. संसारात उणीव पडणारच. ती ओळखणारे डोळे पहिल्या दिवसापासून मांडवात असावे लागतात.

म्हणून तरुण मित्रहो, आमचे सांगणे एवढेच. संस्कार आपल्या वेदीसमोर घ्या, मग सरोवर पाहायला खुशाल जा. तरीही बाहेरच जायचे ठरले, तर आजीआजोबांच्या प्रवासाचा भार स्वतः उचला. ज्यांना येणे शक्य नाही त्यांना पेटी धाडू नका, त्यांच्या घरी जाऊन आशीर्वाद मागा. कमी माणसे बोलवा, पण बोलवाल त्यांना मनापासून बोलवा.

ती मखमली पेटी आजीने घरच्या वेदीपाशी ठेवली आहे. लग्नाच्या दिवशी तिने नातीसाठी मिस्सा सांगितली होती. आम्ही ती अर्पण केली. चर्चमध्ये आजी होती, शेजारच्या दोन बाया होत्या. वधूवरांची नावे आम्ही मोठ्याने पुकारली. त्यांच्या गावाने ती ऐकली, एवढे तरी झाले.