एसएसडी दुरुस्त करत बसू नका, आधी खातं वाचवा



या आठवड्याच्या व्हिडिओत घरून धंदा करणाऱ्यांच्या हिशेबाबद्दल बोललो. त्यात एक मुद्दा घाईत राहून गेला, तो इथे लिहितो. विषय कॉम्प्युटरवाल्याचा वाटेल, पण खरा विषय तुमच्या उधारीचा आहे.

नेरूळच्या एक ताई आमच्या बॅचला होत्या. घरून फराळ आणि सुका खाऊ करतात. महापे-रबाळेच्या ऑफिसांना माल जातो, शिवाय आजूबाजूच्या सोसायट्यांमधली किरकोळ गिऱ्हाइकं. सगळा हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर, त्याच कॉम्प्युटरवर मुलाचा अभ्यास. दिवाळीच्या तोंडावर तो मधेच दहा-पंधरा सेकंद गोठायला लागला. एकदा निळी स्क्रीन आली. रीस्टार्ट केला, चालू झाला. मग ताईंनी तेच केलं जे आपण सगळे करतो. "गडबड संपू दे, मग बघू." आठ दिवसांनी स्क्रीनवर "नो बूटेबल डिव्हाइस", आणि ड्राइव्ह बायोसमध्येही दिसेना.

जुनी हार्ड डिस्क जाताना निदान कटकट आवाज करायची. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून आवाजही नाही. आत मेमरी चिप आणि एक कंट्रोलर. कुठला डेटा कुठे ठेवलाय याचा नकाशा त्या कंट्रोलरकडे असतो, आणि बऱ्याच ड्राइव्हमध्ये तो डेटा कुलूपबंद करून ठेवतो. कंट्रोलर गेला की गोदाम भरलेलं, पण मुनीमच नाही अशी गत! डेटा रिकव्हरीवाले प्रयत्न करतात, पण खर्च मोठा आणि खात्री नाही. वॉरंटीत कंपनी नवा ड्राइव्ह देते, तुमचा डेटा देत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सिस्टीम ड्राइव्हवर संशय आला की पहिला तास दुरुस्तीचा नाही, कॉपीचा. आपण करतो उलटं. कोणीतरी सांगतो चेकडिस्क चालव, दुसरा म्हणतो विंडोज पुन्हा टाक, आणि दुकानात नेलं तर "फॉरमॅट मारून देतो, एकदम नवा होईल". अहो, धाप लागलेल्या माणसाला पळायला लावताय! चेकडिस्क अख्खा ड्राइव्ह वाचत बसू शकतं. फॉरमॅट केलं की ट्रिम नावाच्या सोयीमुळे ड्राइव्ह आतली जागा खरोखर पुसून टाकतो, हार्ड डिस्कसारखं नंतर काही परत मिळेल ही आशा सोडा.

कॉपी कसली करायची? आधी अकाउंटिंगचा डेटा फोल्डर आणि उधारीची एक्सेल, मग बिलं, मग डिझाइन आणि फोटो. सिनेमे राहू देत. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली सी ड्राइव्हवरच असतात, हे लक्षात ठेवा. विंडोज चालूच होत नसेल पण ड्राइव्ह दिसत असेल, तर उबुंटूचा पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर त्यावरून चालू करा आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. एक अडचण येऊ शकते. नव्या विंडोजमध्ये ड्राइव्ह बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट झालेला असतो, तेव्हा रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. तो अकाउंट कोणाच्या ईमेलवर उघडलाय, हे आजच बघून ठेवा. भाच्याने सेटअप करून दिला असेल तर भाच्याला फोन करा.

कॉपी झाली? आता निदान करा, कारण दर वेळी ड्राइव्हच दोषी असतो असं नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडा. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे संपलं. साटा ड्राइव्हमध्ये फक्त सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर केबल बदलून बघा, बहुतेक वेळा काम तिथेच होतं. ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तरीही तो रखडतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कच्या नावावर ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी वारंवार दिसल्या, तर मात्र नवा ड्राइव्ह आणा. आणि रंग निळा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका, कंट्रोलर सांगून जात नाही.

"चांगल्या कंपनीचा घेतलाय सर," असं बरेच जण म्हणतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या कंपनीने आपल्या सर्व्हरच्या काही एसएसडींबद्दल जाहीर केलं होतं की फर्मवेअर बदललं नाही तर ३२,७६८ तास चालल्यावर त्या बंद पडतील आणि डेटा परत मिळणार नाही. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. एकाच दिवशी बसवलेल्या दोन ड्राइव्ह जवळजवळ एकाच वेळी जाणार! मोठ्या सर्व्हरची ही कथा, तर आपल्या घरच्या टेबलाखालच्या डब्याचं काय घेऊन बसलात.

शिवाय जीएसटी नोंदणी असेल तर हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचा असतो, आणि नियम ५७ सांगतो की इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप ठेवलाच पाहिजे. ओव्हन, मिक्सर, वजनकाटा यांची झीज आपण खर्चात धरतो ना? बाहेरची डिस्क आणि छोटा यूपीएस त्याच रकान्यात लिहा. घरगुती एसएसडीला अचानक वीज जाणं सोसत नाही, आणि पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते तुम्हीच मोजा.

ताईंचं पुढे काय झालं? ऑफिसांची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या जुन्या जीएसटीआर-१ मधून परत मिळाली, तिथे जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकाचं प्रत्येक बिल वेगळं दिसतं. किरकोळ विक्रीची तिथे फक्त एकत्र बेरीज असते. कोणी किती डबे नेले आणि किती द्यायचे राहिले, हे कुठेच नव्हतं. दिवाळीनंतर ताई सोसायटी-सोसायटीत फिरल्या. "काकू, तुमच्याकडे माझी किती बाकी होती हो?" काही जणींनी स्वतःच्या वहीत बघून पैसे दिले. काही जणी म्हणाल्या, आम्ही तर तेव्हाच दिले होते. ताईंकडे दाखवायला काही नव्हतं. त्या हसून परत आल्या.