औषधाची बाटली उंच ठेवता, मग मोबाइल?



फवारणी झाली की उरलेल्या औषधाची बाटली आपण पोरांचा हात पोचणार नाही अशी उंच ठेवतो. कठडा नसलेल्या विहिरीकडे लहान पोराला एकटं जाऊ देत नाही. हे कुणी शिकवावं लागत नाही. मोबाइल मात्र पोरगं रडतंय म्हणून आपणच त्याच्या हातात देतो.

२०२० साली शाळा बंद पडल्या आणि अभ्यासासाठी घरोघर मोबाइल आला. तो आता परत जायचा नाही, जायलाही नको. ई-पीक पाहणी त्यावर, बाजारभाव त्यावर, हवामानाचा अंदाज त्यावर. पण त्याच फोनला आपलं बँक खातं जोडलेलं असतं आणि त्याच फोनवर अनोळखी माणूस आपल्या पोराला गाठतो.

मागच्या हंगामात पीक पाहणीसाठी एका बांधावर उभा होतो. शेतकऱ्याच्या फोनवर सारखे संदेश येत होते, "साहेब, हे काय ते बघा" म्हणून त्यानंच फोन हातात दिला. नववीतल्या मुलाची खेळातून कुणाशी ओळख झालेली. त्या 'मित्रा'ने आधी फोटो मागून घेतले, आता ते गावभर पाठवीन म्हणून पैसे मागत होता. पोरगं कित्येक दिवस नीट जेवत नव्हतं. घरात का सांगितलं नाहीस विचारलं, तर म्हणालं, "बाबा मारतील."

खरी गोम इथेच आहे. पोराला भामट्यापेक्षा बापाची भीती जास्त वाटली, म्हणून भामट्याचं फावलं. कीड पडली म्हणून आपण पीक उपटून टाकत नाही, किडीचा बंदोबस्त करतो. पोराच्या बाबतीतही तेच धोरण हवं.

तेव्हा एवढं करा. पैशाच्या व्यवहाराचा पिन पोरांना सांगू नका. रात्री फोन अंथरुणात नको, ओसरीवर राहू द्या. पोरगं काय खेळतं, कुणाशी बोलतं, हे रोज गोडीनं विचारा. तुम्हाला फोनमधलं कळत नसेल तर त्यालाच शिकवायला सांगा, त्यात कमीपणा नाही. आणि विपरीत घडलंच, तर धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका, संदेश पुसू नका, पोलीस ठाणं गाठा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. हे दोन क्रमांक पंचायतीच्या आणि शाळेच्या फळ्यावर ठळक लिहून घ्या, आणि येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असेल तर ती कागदावरच राहू देऊ नका.

आज संध्याकाळी धारा काढून झाल्या की पोराला जवळ बसवा. एवढंच सांगा, "काही चुकलं तरी आधी मला सांग, मी मारणार नाही." आणि दिलेला शब्द पाळा.