दाद कोणाकडे मागावयाची?

कॅरिबियन समुद्रातील हैती या लहानशा देशातील गुलामांनी फ्रेंच धन्यांविरुद्ध बंड करून १८०४ साली स्वतःच्या बळावर स्वातंत्र्य मिळविले. त्याच देशात शांतता राखण्यासाठी सुरक्षा परिषदेने २००४ साली संयुक्त राष्ट्रसंघाची फौज पाठविली. २०१० च्या ऑक्टोबरात मिरबाले गावाजवळील या फौजेच्या छावणीतील मैला ओढ्यात गेला व तेथून आर्टिबोनाइट नदीत उतरला. काठची गरीब माणसे तेच पाणी पीत होती. पटकीने आठ लाखांवर लोक आजारी पडले. सुमारे दहा हजार मेले.

२०११ साली पाच हजार पीडितांनी भरपाई मागितली. २०१३ साली उत्तर आले की, हे दावे विचारात घेण्याजोगे नाहीत! हैती सरकारशी झालेल्या करारात अशा तक्रारींसाठी दावा-आयोग नेमण्याचे वचन होते. तो कधी नेमलाच गेला नाही. पीडित अमेरिकेच्या न्यायालयात गेले. राष्ट्रसंघावर खटला चालू शकत नाही, असे तेथे २०१५ साली व अपिलात २०१६ साली ठरले.

राष्ट्रसंघास असे कवच मुळीच असू नये, असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक देशाची कोर्टे त्यास खेचू लागली तर त्याचे काम चालावयाचे नाही. परंतु ज्या १९४६ च्या कराराने हे कवच दिले, त्याच करारात तंटे मिटविण्याची योग्य सोय राष्ट्रसंघाने करावी, असेही लिहिले आहे. कवच तेवढे घेतले, अट मात्र विसरली.

आपल्या घटनेच्या ३२ व्या कलमास बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले. तुमच्या मूलभूत हक्कावर सरकारने घाला घातला, तर तुम्ही थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकता. हैतीच्या विधवेने कोठे जावे?

डिसेंबर २०१६ मध्ये सरचिटणीस बान की-मून यांनी क्षमा मागितली. कायदेशीर जबाबदारी मात्र पत्करली नाही. चाळीस कोटी डॉलरांची योजना जाहीर झाली, तीही राष्ट्रांच्या ऐच्छिक देणग्यांवर, आणि तिचा अल्पसाच भाग जमला. हक्काची भरपाई आणि दयेचे दान यांतील अंतर तुम्हांस सांगावयास नको.

२०२३ साली सुरक्षा परिषदेने हैतीत नव्या पथकास संमती दिली. त्या ठरावात सांडपाण्याची नीट व्यवस्था ठेवावी, असे आवर्जून लिहिले आहे. जुन्या दाव्यांची सुनावणी मात्र कोणत्याही न्यायासनापुढे झालेली नाही.